अर्ध्यावरचं गाऱ्हाणं

"नारळ खंय आसा? नारळाशिवाय मी काय हात हलवीत गाऱ्हाणा घालू?" शिवा घाडी कावला.

गुरवाने गाभाऱ्यातून नारळ आणून त्याच्या हातात दिला. अभिषेक उरकला होता, आरती झाली होती, रवळनाथाला नवं वस्त्र नेसवून झालं होतं. बाहेरच्या मांडवात भाताचा टोप उतरवल्याचा आवाज आला आणि सभामंडपातली निम्मी डोकी तिकडे वळली. सकाळपासून कुणाच्या पोटात चहापलीकडे काही नव्हतं. एवढं गाऱ्हाणं झालं की पानं मांडायची.

मी आईच्या खुर्चीमागे उभी होते. उभी म्हणजे खांबाला पाठ टेकून. टेकायला काही नसतं तर मी तिथेच खाली बसले असते आणि मग मला कुणी उठवूही शकलं नसतं.

ज्यांनी आमच्याकडचं गाऱ्हाणं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पूजा झाली की घाडी देवासमोर दोन्ही हातांत नारळ धरून उभा राहतो आणि ज्यांची पूजा असेल त्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो. काय हवं, काय नको, कुणाचं काय अडलंय, सगळं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'म्हाराजा' आलं की मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. घरच्यांनी, गावच्यांनी, ढोलवाल्यांनी, दारात चपला सांभाळत उभ्या असलेल्यांनीसुद्धा. लहानपणापासून इतकी सवय की वाक्य संपायच्या आत तोंड उघडलेलं असतं. घाडी काय बोलला ते बहुतेकांना घरी गेल्यावर विचारलं तरी सांगता येणार नाही.

मार्गशीर्षातली ती पूजा आम्हा राऊळांची. दरवर्षी दोघे भाऊ त्यासाठी यायचे. दिगंबरदादा मुंबईहून, धाकटा श्रीधर कोल्हापुरातून. आदल्या संध्याकाळी यायचे, पूजा करायचे, गावाला जेवण घालायचे आणि ऊन उतरायच्या आत निघायचे. घरातल्या घरात मला एकूण किती वेळ मिळायचा, तर चहाचे कप धुवायला जेवढा लागतो तेवढा. त्यातही दादा विचारायचा, "बरा आसा मा सगळा?" आणि उत्तराची वाट न पाहता अंघोळीला जायचा.

सगळं बरं नव्हतं. आईला अर्धांगाचा झटका आला त्याला तेव्हा सात वर्षं होत आली होती. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. डोकं मात्र अगदी ठिकाणावर होतं आणि स्वभाव तर पूर्वीपेक्षाही तिखट. तिला उचलून बसवायचं, पुसायचं, भरवायचं, रात्री कुशीवर वळवायचं. तिने हाक मारली की उठायचं आणि हाक मारली नाही तर का मारली नाही म्हणून उठायचं. मी लग्न केलं नव्हतं. का केलं नव्हतं ती वेगळी गोष्ट आहे, आणि फार मोठीही नाही. पण घरात बिनलग्नाची बहीण असली की आजारी माणसाचं काय करायचं हा प्रश्न कुणाला पडतच नाही. तो आपोआप सुटलेला असतो.

त्या पावसाळ्यात माझी पाठ गेली. तालुक्याच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, यापुढे वजन उचललंत तर आईशेजारी तुमचीही खाट घालावी लागेल. मी घरी आले आणि आईला उचलून अंघोळीच्या पाटावर बसवलं, कारण दुसरं कोण होतं? शेजारची आनंदी कधी कधी यायची, पण तिला तिचं घर होतं. भावांना फोनवर सांगितलं तेव्हा दादाने तेलाचं नाव सांगितलं. श्रीधर म्हणाला, "मी येतंय मगे बघूया." आला तो थेट मार्गशीर्षात.

म्हणून त्या वर्षी मी ठरवलं होतं, जेवणं झाली की दोघांना समोर बसवायचं आणि सांगायचं, आईला घेऊन जा. हे मी आदल्या संध्याकाळी मागच्या पडवीत मालतीवहिनींना बोलून बसले. वहिनी दादाची बायको, मुंबईतच वाढलेली. बाई वाईट नव्हती. तिने ऐकून घेतलं, "हो ना, तुमचे फारच हाल होतात," म्हणाली आणि आत गेली. नवऱ्याच्या कानावर घातलं असणार. बायकोने नवऱ्याला सांगू नये अशी माझी अपेक्षाही नव्हती.

सकाळी आईला जीपमधून देवळात आणलं. दादा आणि श्रीधरने तिला खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवल्या. वर्षातून एकदा उचलायचे, म्हणून दोघांना कौतुक वाटायचं. धापा टाकत हसत होते. "आये, तू जड झालंस हां!" श्रीधर म्हणाला. आई हसली नाही.

मग आरती चालू असताना मी पाहिलं, दादा शिवा घाडीला खांबाआड घेऊन काहीतरी सांगत होता. घाडी मान हलवत होता. त्यात नवल काहीच नव्हतं. गाऱ्हाण्यात काय काय घालायचं ते घरच्या कर्त्या माणसाने घाडीला आधी सांगायचं असतं. माझं काय घालायचं असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं आणि मलाही कधी सुचलं नव्हतं.

"बा देवा रवळनाथा, बारा वाड्येच्या राखणदारा म्हाराजा!" घाडीने सुरुवात केली. माणूस वाळून काटकी झाला होता, पण आवाज शाबूत होता.

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्ये राऊळ घरवाले वरसाची सेवा घेवन तुझ्या पायाकडे उभे रवले हत. ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दिगंबराचो झील बारावीक बसलो हा. तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"श्रीधराच्या दुकानाक कोणाची वाकडी नजर लागली आसात तर ती सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मालतीच्या गुडघ्याची पीडा सात समुद्रापलीकडे घालय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वहिनींनी यावेळी जरा जोरात म्हटलं.

माझे डोळे मिटत होते. उभ्या उभ्या झोप येते ही गोष्ट मला त्या वर्षांत कळली. तोंड मात्र वेळेवर उघडत होतं. घाडीचा आवाज जवळ यायचा, लांब जायचा.

"म्हाराजा, आवशीचा सगळा ह्या हेमलतेन केल्यान. तिका अशीच ताकद दी. आवशीच्या शेवटच्या दिसापर्यंत तिच्याच हातून सेवा घडाक दी. तिचा मन खंय दुसरीकडे वळाक दिव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं. अगदी मनापासून, मोठ्याने. तोंड मिटता मिटता मला कळलं की आवस म्हणजे आमची आई आणि हेमलता म्हणजे मी.

घाडी पुढच्या वाक्यासाठी श्वास घेत होता. मी दादाकडे पाहिलं. तो डोळे मिटून, हात जोडून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. तीच तर वाईट गोष्ट होती. त्याला खरोखर वाटत होतं की आपण बहिणीसाठी देवाकडे काहीतरी चांगलं मागितलं. आता जेवणानंतर मी बोलले असते तर तो म्हणाला असता, अगो, देवासमोर तूच व्हय म्हटलंस. आणि त्यावर आमच्या गावात कुणाकडेच उत्तर नसतं.

"नाय म्हाराजा," मी म्हटलं.

फार मोठ्याने नाही. पण देऊळ दगडी, आणि त्या क्षणी सगळे गप्प होते. ढोलवाल्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं.

"कोण ता?" घाडीने मागे न वळता विचारलं. गाऱ्हाणं चालू असताना देवाकडे पाठ करता येत नाही.

"मी हेमा, आबा."

"काय बोललंस गो?"

"नाय म्हटलंय. ता आताचा जा काय घातलास, ता माका नको."

"हेमू!" दादाने डोळे उघडले. "गप रव. गाऱ्हाण्यात नाय म्हणूचा नसता."

"कोणी सांगल्यान?"

दादा घाडीकडे बघायला लागला. घाडी देवाकडे बघत होता. "माझ्या उभ्या जन्मात कोणी नाय म्हणूक नाय," तो म्हणाला. "आता ह्येच्या फुडे काय बोलतत ता माका ठावक नाय."

श्रीधर पुढे झाला. "आबा, नारळ खाली ठेवा. आधी जेवया. घरातला घरात बघूया मगे."

"खाली ठेवलंय तर गाऱ्हाणा मोडला. मोडल्या गाऱ्हाण्याचा जेवान गावाक घालतलास? कोण जेवतलो?"

कुणीच जेवला नसता. मागे साऱ्या वाडीची माणसं उभी होती, म्हातारी होती, कडेवरची पोरं होती. मांडवातून काळ्या वाटाण्याच्या उसळीचा वास येत होता. मला सगळ्यांची दया आली, पण खरं सांगायचं तर माझी जास्त आली.

"बोलाचा होता तर घराकडे बोलाचा," दादा खालच्या आवाजात म्हणाला. "चार लोकांसमोर?"

"घराकडे तुमका वेळ खंय आसता, दादा? आणि तुम्ही तरी खंय घराकडे बोललास? देवाकडेच सांगलास मा?"

दादाने जोडलेले हात सोडले.

शिवा घाडीने मग त्याला येत होता तो उपाय करून पाहिला. आवाज चढवला आणि म्हणाला, "म्हाराजा, ह्या भावाभैणींका सुबुद्धी दी. तेंच्या मनातला जा काय वाकडा नाकडा आसात ता तूच सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं देऊळ सुटल्यासारखं गरजलं.

"नाय म्हाराजा," मी म्हटलं. "सुबुद्धी नको. दारात गाडी उभी आसा. तेतूर बसून आवस आज जावक व्हयी."

"ही बाय देवाकसुद्धा सोडणा नाय," घाडी पुटपुटला. नारळ धरून त्याचे हात अवघडले होते. "बरा तर. ठरवा काय ता. माझे हात भरले."

"माझी दोन खोल्येची जागा," दादा म्हणाला. तो आता माझ्याशी बोलत होता की गावाशी, कळत नव्हतं. "चौथो माळो. लिफ्ट नाय. आवशीक चढवतलंय कशी?"

"आज चढवलास तशी. दोघांनी धरून. सा म्हयने तुमच्याकडे, सा म्हयने श्रीधराकडे."

"माझा दुकान सकाळी आठाक उघडता," श्रीधर म्हणाला.

"मी पहाटे उठतंय," मी म्हटलं. "रात्री निजतंय असा नाय. सात वर्सां झाली, श्रीधर. माझी पाठ मोडली हा. माका आता उचलूक होणा नाय. माया नाय म्हणान नाय, होणा नाय म्हणान."

एवढं बोलून मला रडू यायला हवं होतं, पण तेवढंही अंगात त्राण नव्हतं. मी पुन्हा खांबाला टेकले. वहिनी पदराशी चाळा करत खाली बघत होत्या. दादाने कपाळ पुसलं. मग तो एकदम थकल्यासारखा म्हणाला, "घाला, आबा. ती सांगता तसा घाला. बघूया काय होता ता."

घाडीने नारळ छातीपर्यंत वर उचलला.

"म्हाराजा, हेमलतेची पाठ गेली. तिच्या अंगात आता जीव नाय. आवस आजच्या गाडयेन दिगंबराबरोबर मुंबयक जातली. सा म्हयने थोरल्याकडे, सा म्हयने धाकट्याकडे. भैणीक मोकळी कर रे म्हाराजा!"

आणि कुणीच काही म्हणालं नाही.

एवढी वर्षं वाक्य संपायच्या आत उघडणारी सगळी तोंडं बंद होती. कुणी छताकडे पाहत होतं, कुणी पायांकडे. दुसऱ्याच्या घरच्या भांडणात आपलं नाव कशाला, असा तो विचार. भाऊ म्हणाले असते तर गाव म्हणालं असतं. भाऊ दोघेही जमिनीकडे पाहत होते. मी म्हणायला हवं होतं. माझंच मागणं ते. पण माझ्या समोर आईचं डोकं होतं. पाठीमागून तिचा अंबाडा दिसत होता, सकाळी मी बांधलेला, त्यात खोवलेलं अबोलीचं वळेसर. इतका वेळ आम्ही तिच्या डोक्यावरून बोलत होतो. तिला उचलायची कशी, चढवायची कशी, किती महिने ठेवायची. ती तिथेच बसून सगळं ऐकत होती. मला माझी लाज वाटली. तोंड उघडेना.

"व्हय म्हाराजा."

आवाज खुर्चीतून आला. जिभेला जड, शब्द एकमेकांत घसरलेले. आईचं बोलणं एरवी फक्त मला कळायचं, इतरांना मला सांगावं लागायचं. हे दोन शब्द मात्र सगळ्यांना कळले.

मग गाव म्हणालं. असं म्हणालं की घाडीने दचकून नारळ घट्ट धरला. श्रीधर म्हणाला. वहिनी म्हणाल्या. दादाचे ओठ शेवटी हलले. घाडीने उरलेलं गाऱ्हाणं दोन वाक्यांत आटोपलं, गुरवाने नारळ फोडला, आणि माणसं मांडवाकडे निघाली.

आई सवयीने म्हणाली, असं लोक नंतर बोलले. मलाही त्या क्षणी तसंच वाटलं. सात वर्षं अंथरुणावर असली तरी म्हाराजा म्हटल्यावर तोंडातून व्हय येणारच की. त्या वर्षीपासून ती दोघांकडे आलटून पालटून राहिली आणि वारली ती श्रीधरकडे. दादाच्या चौथ्या माळ्यावर तिला शेजारची मुलं खुर्चीतून चढवायची. वहिनींनी केलं, कुरकुरत केलं, पण केलं. मी जाऊन राहायचे, पाहुणीसारखी. माझ्याबद्दल गावाने काय काय म्हटलं ते मला माहीत आहे. त्याचा आता कंटाळा आला आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं.

मांडवात पंगत बसली. एरवी मी आईला आधी बाजूला भरवायचे, मग वाढायचे आणि शेवटच्या पंगतीला निवलेल्या भाताशी बसायचे. त्या दिवशी मी वाढायला वाकले तर पाठीत अशी कळ आली की वहिनींनीच हातातलं भांडं काढून घेतलं. "हेमाताई, तुम्ही बसा. पहिल्या पंगतीला बसा." आवाजात राग होता की काळजी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी बसले.

समोरच दादा आईच्या खुर्चीजवळ पाट घेऊन बसला. मांडीवर पान, पानात वरणभात. गाऱ्हाण्याचा शब्द म्हणून की गाव बघतंय म्हणून, तो भरवायला बसला होता. त्याने भला मोठा घास कालवला. "आये, आ कर." आईच्या तोंडाची उजवी बाजू चालत नाही, घास डावीकडे द्यायचा आणि सुपारीएवढा द्यायचा, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. घास अडकला. आई खोकायला लागली, डोळे लाल झाले, भात हनुवटीवरून पदरावर आला. दादा घाबरून इकडे तिकडे बघायला लागला.

मी उठले. पाठ, पान, पंगत, कशाचंच भान नव्हतं. पाय आपोआप निघाले.

आईने डावा हात वर केला. तेवढाच एक हात तिला उचलता यायचा. खोकत खोकत तिने माझ्याकडे पाहिलं आणि तो हात खाली दाबला, एकदा आणि पुन्हा एकदा. बस.

"बस थंय," ती म्हणाली. जड जिभेने, पण चिडून, नेहमीसारखी. "जेव. शिकू दे तेका."

मग तिने दादाकडे तोंड वळवलं आणि स्वतःच डाव्या बाजूच्या गालावर बोट ठेवून त्याला दाखवलं. त्याने अर्धा घास पानात टाकला, उरलेला बोटांनी बारीक केला आणि तिकडून दिला. तो उतरला.

मी खाली बसले. देवळातलं ते 'व्हय' ती सवयीने म्हणाली नव्हती. मी भात कालवला, पहिला घास घेतला आणि मग मघाशी न आलेलं रडू आलं. शेजारची आनंदी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मी रडत होते आणि जेवत होते, आणि वाढपी पुन्हा समोर आला तेव्हा मी पान पुढे सरकवून आणखी भात मागून घेतला.